खोली मिळते तो सिनेमा

दातार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दात करतात म्हणून दातार. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे नाव थट्टेत ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. खरं आडनाव फक्त वीजबिलावर उरलं.

उभं आयुष्य त्यांनी कवळ्या केल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे. मागच्या खोलीत दातार त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचे, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायचे आणि त्यांत एकेक दात लावून बघायचे. खोलीला खिडकी नव्हती. एक बेसिन होतं, एक घासायचं चाक होतं आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. संध्याकाळी घरी निघाले की त्यांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असायच्या आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण. ज्यांच्यासाठी दात करायचे त्यांचे चेहरे त्यांना सहसा दिसत नसत. म्हणून रस्त्यात कुणी हसताना भेटलं की ते आधी दात बघायचे, मग माणूस. कधीकधी बायकोला कोपराने ढोसून हळूच सांगायचे, "हे काम आपलं."

स्वभावाने माणूस कोरडा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बायको गेली तेव्हा चार माणसांसमोर त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नंतर काढलं की नाही ते कुणाला ठाऊक नाही. पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, आणि लेकीने बाबांना आपल्याकडे आणलं. लेक राहत होती ते गाव लहान होतं, शांत होतं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि जावई लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दातारांना एक खोली मिळाली, एक आरामखुर्ची मिळाली. त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही. त्यामुळे लेकीला काळजी वाटायची. शहरात असताना हेच बाबा पाण्यापासून पायपुसण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर कावलेले असायचे. "या शहराला माणसं नकोत, नुसते पाय हवेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

एका रविवारी दुपारी जावई टीव्हीची चॅनेलं बदलत बसला होता. मध्येच एक जुना, काळापांढरा हिंदी सिनेमा लागला. जावई पुढे जाणार तोच दातार खुर्चीत सरळ झाले.

"राहू द्या हा," ते म्हणाले. "हा पाहिलाय मी."

सिनेमा साधा होता. नवं लग्न झालेलं जोडपं एका मोठ्या शहरात राहायला खोली शोधत फिरतं. घरमालक हसवणारे, नातेवाईक टाळणारे, आणि मधूनमधून गाणी. दातार पुढचं आधीच सांगू लागले. आता हा जाडा घरमालक टोपी विसरून जाणार. तो विसरला. आता ही बाई त्यांना जिन्याखालची जागा दाखवणार. तिने दाखवली. जावयाला गंमत वाटली. लेकही हातातलं काम टाकून येऊन बसली, कारण बाबा इतकं सलग बोलल्याला बरेच महिने झाले होते. लग्न झालं त्याच वर्षी तुझ्या आईबरोबर थेटरात पाहिला, असं त्यांनी तिला सांगितलं. वरचा पंखा कुरकुरत होता, आणि आईने रडून रडून पदर ओला केला होता.

"आता बघा," शेवट जवळ आला तसं ते म्हणाले, "आता त्यांना खोली मिळते. पूर्वेला खिडकी असते."

पण खोली मिळाली नाही. पडद्यावरच्या त्या दोघांनी वळकटी बांधली, ट्रंक उचलली आणि ते गावाकडच्या बसमध्ये जाऊन बसले. शहर मागे मागे गेलं. सिनेमा संपला.

दातारांनी टीव्हीकडे बोट केलं. म्हणाले, "कापला. हे टीव्हीवाले जाहिरातींसाठी शेवट कापतात."

जावयाने फोनवर तोच सिनेमा शोधून काढला. तो अख्खा होता. त्यातही ते दोघं बसमध्येच बसले. ही दुसरी प्रत असणार, असं दातारांचं मत पडलं. जावयाने वाद घातला नाही. त्याने सासऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर सिनेमा लावायचा कसा, थांबवायचा कसा आणि मागे न्यायचा कसा, तेवढं शिकवलं. शिकवणं त्याचा धंदाच होता.

त्या दिवसापासून दातारांना नाद लागला. लेक-जावई कामावर गेले की ते सिनेमा लावून बसायचे. शेवटाची गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. आता ते हिरो-हिरॉइनकडेही बघत नव्हते. त्यांच्या मागे काय चाललंय ते बघत होते. मागे एक रुंद रस्ता होता. दुमजली बस वळत होती. एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर दोन माणसं बाकावर पेपर वाचत होती. एका चौकात मोठं कारंजं होतं आणि त्याच्या कठड्यावर टेकून नायिका गाणं म्हणत होती. दातार चित्र थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि फोन नाकाला लावायचे. ते दुकान म्हणजे आपल्या दवाखान्याच्या कोपऱ्यावरचंच, अशी त्यांची खात्री होत चालली. संध्याकाळी लेक घरी आली की ते तिला आठवणी सांगायचे. त्या वेळी रस्ते कसे मोकळे होते, रविवारी आम्ही दोघं कसे कारंज्यापाशी जाऊन बसायचो, वाऱ्याने तुषार कसे अंगावर यायचे.

लेकीने बरेच दिवस ऐकून घेतलं. एकदा मात्र तिला राहवलं नाही.

"बाबा, कुठलं कारंजं? मी त्याच शहरात जन्मले, तिथेच वाढले. मी कधी बघितलं नाही."

"तुझ्या जन्माआधी पाडलं असेल."

"आणि रविवारी कुठले जायचात तुम्ही? रविवारी तर तुमचं काम सगळ्यात जास्त असायचं. उभा जन्म त्या शहराला शिव्या घातल्यात तुम्ही."

"शिव्या माणूस घरच्यालाच घालतो," दातार म्हणाले.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की मी एकदा जाऊन येतो. लेकीने हजार गोष्टी काढल्या. गुडघे, गर्दी, औषधं. जावयाने सासऱ्यांची बाजू घेतली. माणसाने गाडी चालवताना आरशात बघायलाच हवं, नुसतं पुढे बघून भागत नाही, असं तो म्हणाला. लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं. पण परवानगी मिळाली. दातारांनी एका पिशवीत एक सदरा, औषधांची डबी आणि पाण्याची बाटली घेतली, आणि भल्या सकाळची बस पकडली.

शहर होतं तिथेच होतं, फक्त उंच झालं होतं. बसच्या अड्ड्यावरून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता. डोळ्यांना मात्र एकही खूण सापडेना. दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान झालं होतं. गल्ल्यावर एक मुलगी बसली होती. दातारांनी तिला आपण इथे काम करायचो असं सांगितलं आणि मागची खोली बघू का विचारलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागच्या खोलीत खोकी रचली होती. घासायचं चाक गेलं होतं. बेसिन तेवढं जागच्या जागी होतं.

"या बेसिनचं काय करावं कळत नाही," मुलगी म्हणाली. "कितीदा प्लंबर बोलावला, पण सारखं तुंबतं."

त्या नळीत वर्षानुवर्षांचं कुणाचं प्लास्टर बसलंय हे दातारांना पक्कं ठाऊक होतं. "जुनं काम आहे, तुंबणारच," एवढंच ते बोलले आणि बाहेर पडले.

कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान नव्हतं. पूर्वीही तिथे न्हावी होता की कुलुपं दुरुस्त करणारा, याचा त्यांना आता नीट निवाडा करता येईना. रस्ता रुंद नव्हता. कधीकाळी तो रुंद असावा असंही वाटेना, कारण दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारती जशाच्या तशा समोरासमोर उभ्या होत्या आणि त्या काही रात्रीत सरकून जवळ आलेल्या नव्हत्या. मग ते चौकाकडे गेले. एका म्हाताऱ्या फळवाल्याला त्यांनी इथलं कारंजं कधी पाडलं म्हणून विचारलं. फळवाला त्यांच्याहून थोरला दिसत होता.

"माझ्या बापानं इथंच गाडी लावली, मीही लावतो," तो म्हणाला. "कारंजं कधी बघितलं नाही. इथं नळाला पाणी येत नाही, कारंज्याला कुठून येणार?"

ऊन वाढलं होतं. दातारांना बसावंसं वाटलं, आणि त्या शहरात बसण्यासारखं त्यांना एकच घर ठाऊक होतं. ते काजवहिनींकडे गेले.

काजवहिनी म्हणजे तयार सदऱ्यांना घरबसल्या काज-बटण करून देणारी बाई. लग्नानंतर दातार जोडप्याला पहिला आसरा तिनेच दिला होता. तिच्या एका खोलीत मध्ये पातळ फळ्यांची आडभिंत घालून अर्धी खोली तिने यांना दिली. पलीकडे वहिनी, त्यांचे मालक आणि सदऱ्यांचे गठ्ठे, अलीकडे हे दोघं. पलीकडे कूस बदलली की अलीकडे कळायचं. ते पहिलं वर्ष तिथे काढून दोघं शेजारच्या गल्लीत गेली, पण बायकांचा घरोबा शेवटपर्यंत टिकला. वहिनींचे मालक जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्या मात्र त्याच खोलीत होत्या. आडभिंत काढून टाकली होती, आणि तरीही खोली दातारांना लहानच वाटली.

वहिनींनी त्यांना लगेच ओळखलं. चहा टाकला, लेकीची चौकशी केली, गुडघ्यांची केली. बोलताना त्या सारखा तोंडावर हात धरत होत्या. दातारांनी आपण कशाला आलो ते सांगितलं. सिनेमाचं सांगितलं, रस्त्याचं, कारंज्याचं. वहिनी कप हातात धरून ऐकत राहिल्या.

"अहो भाऊजी, ते कारंजं आपल्याकडचं नव्हेच," त्या म्हणाल्या. "तो सिनेमा भलत्याच शहरात काढला होता. थेटरात सगळे तेच बोलत होते की आपल्याकडे एवढे मोकळे रस्ते कुठले."

"पण आम्ही पाहिला तेव्हा..."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि ही."

वहिनींनी कप खाली ठेवला. "भाऊजी, तुम्ही कधी आलात सिनेमाला? तुम्ही जन्मात थेटराची पायरी चढला नाहीत. तो सिनेमा तिने आणि मी पाहिला, दुपारच्या खेळाला. तीनदा. ती घरी येऊन तुम्हाला गोष्ट सांगायची. मी पलीकडून ऐकायचे, फळीला कान लावायचीसुद्धा गरज नव्हती."

दातार आठवू लागले. कुरकुरणारा पंखा आठवत होता, पण तो थेटरातला की या खोलीतला? ओला पदर आठवत होता. पण पदर रडून ओला होतो, तसा हात पुसूनही होतो. त्यांना आठवत होतं ते सगळं संध्याकाळचं होतं, ताटावर बसलेलं होतं, आणि त्यात पडदा कुठेच नव्हता. समोर बायको होती. घरमालकाची टोपी विसरायची नक्कल ती अशी करायची की हातातला घास हातात राहायचा.

"मग तो शेवट," त्यांनी विचारलं. "खोली मिळायचा?"

वहिनींना हसू आलं आणि त्यांनी पुन्हा तोंडावर हात घेतला. "तो तिचा. खऱ्या सिनेमात नाही मिळत खोली. पहिल्यांदा बघून आम्ही दोघी रडत घरी आलो. जिन्यात तिने माझा हात धरला. म्हणाली, वहिनी, यांना सांगू नका. हे आधीच गाशा गुंडाळायला बसलेत, हा शेवट ऐकला तर उद्याच तिकिटं काढतील."

हे मात्र दातारांना लख्ख आठवलं. ते दिवस फार वाईट गेले होते. दारोदार फिरूनही खोली मिळत नव्हती. कुणाला नवं जोडपं नको होतं, कुणाला कपड्यांवरची पांढरी भुकटी बघून हे चुन्याच्या भट्टीवरचे मजूर वाटायचे. गावाकडे वडिलांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तिकडे परत जायचं दातारांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, नुसतं बोलायचं बाकी होतं. आणि त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढता वाढता सिनेमा सांगितला. शेवटी खोली मिळते, पूर्वेला खिडकी असते, सकाळी उन्हाची तिरीप थेट चुलीपर्यंत येते. त्यावर आपण काय बोललो तेही त्यांना आठवलं. त्या सिनेमातल्या अडाण्यांना मिळते, तर आपण काय घोडं मारलंय, असं ते म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा फिरायला सुरुवात केली, आणि शेजारच्या गल्लीत खोली मिळाली. तिची खिडकी पश्चिमेला होती. पण त्यावर दोघांपैकी कुणी काही बोललं नव्हतं.

"एवढा एकच बदलला होता, की आणखी?" त्यांनी विचारलं.

"बरेच. जिथे जिथे नवरा मरायचा, तिथे तुमच्या घरी तो तुरुंगातून सुटून यायचा. एकदा मी विचारलं तिला, अगं, एवढं कशाला? तर म्हणाली, दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत बसतात, संध्याकाळी आणखी कशाला रडवू."

दातार खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी आयुष्यात पाहिलेले बरेचसे सिनेमे कुणी काढलेलेच नव्हते, असा त्याचा अर्थ होत होता. कारंज्यापाशी बसायला ते कधी गेले नव्हते. कदाचित ती म्हणाली असेल, आपण जाऊ एकदा. किंवा तेही नसेल. विचारायला आता माणूस नव्हतं. वाईट वाटलं असं त्यांना म्हणता आलं नसतं, आणि बरं वाटलं असंही नाही. बसमध्ये विसरलेली आपली पिशवी भलत्याच कुणी सांभाळून ठेवलेली मिळावी, तसं काहीसं झालं होतं. 

मग त्यांचं लक्ष वहिनींच्या तोंडाकडे गेलं. मघापासून जात होतं, पण आता नीट गेलं. वरची कवळी बोलताना खाली सुटत होती, म्हणून त्या हात धरत होत्या.

"ही माझीच ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच. दुसरी कुठली? हल्ली बोळकंच बरं होतं म्हणायची वेळ आलीय."

"हिरड्या झिजतात. कवळी तेवढीच राहते. आतून भरून घेतली की बसेल. काढून द्या इकडे."

वहिनींनी आधी आढेवेढे घेतले. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या हातात दात काढून द्यायला त्यांना लाज वाटत होती. शेवटी त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली, धुतली आणि रुमालात गुंडाळून दिली. पुढच्या रस्त्यावर कवळ्या करणारं एक नवं दुकान होतं. येताना दातारांनी पाटी वाचली होती. ते तिथे गेले. दुकान एक तरुण बाई चालवत होती. तिच्याकडे दाताचा आकार पडद्यावर काढणारं यंत्र होतं, आणि कोपऱ्यात एक साधं टेबलही होतं. दातारांनी काम काय ते सांगितलं. तिने त्यांची बोटं बघितली आणि टेबलाकडे हात केला. मधे एकदा दातार वहिनींकडे जाऊन कवळीत मऊ मसाला भरून, ती त्यांच्या तोंडात बसवून माप घेऊन आले. बाकी दुपारभर ते त्या टेबलाशी होते. यंत्र कसं चालतं ते बाईने त्यांना दाखवलं, आणि ते खरोखरच चांगलं चालत होतं. घासून, चकचकीत करून त्यांनी कवळी पाण्याच्या डबीत टाकली, तेव्हा त्यांच्या भुवयांवर भुकटी बसलेली होती.

वहिनींनी ती पाठ फिरवूनच घातली. मग वळल्या आणि हाताशिवाय बोलल्या, "घट्ट वाटतेय."

"दोन दिवस वाटेल. मऊ खा. टोचलं तर कळवा."

लेक बसच्या अड्ड्यावर घ्यायला आली होती. शहर कसं वाटलं, तिने विचारलं. "गर्दी फार झालीय," दातार म्हणाले. आईचं तिला त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढे एकदा, जेवताना, अगदी सहज सांगितलं, आणि लेकच ताटावरून उठून गेली. ते खाली मान घालून जेवत राहिले.

आठवड्याभरात वहिनींचा फोन आला. उजवीकडे वर टोचतं म्हणाल्या. येतो, असं दातार म्हणाले आणि खरोखरच गेले. तिथून मग ते मधूनमधून जाऊ लागले. लेकीने पहिल्या एक-दोन खेपांना कुरकुर केली, नंतर ती स्वतःच पिशवी भरून ठेवू लागली. शहर बघायला म्हणून ते पुन्हा गेले नाहीत, कामाला म्हणून जात राहिले. त्या तरुण बाईच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल त्या दिवसापुरतं त्यांचं असायचं. वहिनींच्याच मजल्यावर एक निवृत्त ड्रायव्हर राहायचा. त्याची खालची कवळी हसताना बाहेर यायची म्हणून तो वर्षभर हसला नव्हता. दातारांनी ती तीनदा घासली तरी तो टोचते म्हणत राहिला. चौथ्या खेपेला त्यांनी नवं माप घेतलं आणि कवळी पहिल्यापासून करायला घेतली.